मत कोणाचें, राज्य कोणाचें?

(अमेरिकेंतील १८७६ सालच्या अध्यक्षाच्या निवडणुकीवर एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं गांवकऱ्यांपुढें केलेलें भाषण)



अमेरिकेंत १८७६ सालीं अध्यक्षाची निवडणूक झाली. तीमुळें त्या देशाचे उभे दोन तट पडले. त्या निवडणुकीबद्दल, आणि तींत उभे राहिलेल्या दोन गृहस्थांबद्दल, मी आज माझें मत सांगणार आहे. कोणी म्हणेल, "मास्तर, येथें पाटाला पाणी नाहीं, आणि तुम्ही सातासमुद्रापलीकडची निवडणूक काय सांगत बसलां?" पण मंडळी, ही निवडणूक आपणांस परकी नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक काढलें. अमेरिकेंतल्या ज्या सज्जनांनीं काळ्या लोकांस दास्यांतून सोडविण्याकरितां निःस्वार्थपणें झीज सोसली, त्यांना तें जोतीरावांनीं अर्पण केलें. पुण्यांत बसून आपल्या माणसानें ज्यांचा एवढा गौरव केला, त्यांच्या देशांत पुढें तीनच वर्षांनीं काय घडलें, हें आपणांस ठाऊक असावयास नको काय?

दुसरा धागा कापसाचा आहे. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत उत्तर व दक्षिण यांची लढाई जुंपली. दक्षिणेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेना, म्हणून आपल्या कापसाचे भाव चढले. कुणब्याच्या हातांत चार पैसे खुळखुळले, आणि सावकारानेंही कर्ज देण्याचा हात सैल सोडला. लढाई संपली, भाव कोसळले, कर्ज मात्र मागें राहिलें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं, त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक होतें. तिकडचा काळा मजूर आणि इकडचा कुणबी एकमेकांस कधीं दिसले नाहींत, पण दोघांचीं नशिबें एकाच कापसाच्या पेळूंतून कातलीं जात होतीं.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. लढाईच्या आधीं अमेरिकेंत सुमारें ४० लाख काळीं माणसें गुलाम होतीं. आपण बैल विकतों तशी बापापासून लेकरें तोडून विकलीं जात. १८६५ सालीं कायद्यानें गुलामगिरी बंद झाली, आणि रंगावरून कोणाचा मताचा हक्क काढून घेतां येणार नाहीं, अशी राज्यघटनेंत दुरुस्ती १८७० सालीं झाली. काल ज्याच्या पाठीवर चाबूक होता, त्याच्या हातांत आज मत आलें. त्याचा प्रताप पाहा. १८७० सालीं हायरम रेव्हल्स हा काळा गृहस्थ देशाच्या वरिष्ठ सभेंत जाऊन बसला. रॉबर्ट स्मॉल्स हा तर जन्माचा गुलाम. लढाई चालूं असतां १८६२ सालीं त्यानें दक्षिणेच्या सैन्याचें एक जहाज बायकामुलांसह बंदरांतून पळवून उत्तरेच्या स्वाधीन केलें. पुढें तोच माणूस लोकांचा प्रतिनिधि म्हणून निवडून आला! गांवोगांव शाळा निघाल्या, आणि आज्या नातवांशेजारीं बसून अक्षरें गिरवूं लागल्या. माझ्यासारख्या मास्तरानें हें वाचलें म्हणजे ऊर भरून येतो.

पण एक गोष्ट राहून गेली, आणि सारा घात तेथेंच झाला. जमीन मिळाली नाहीं. १८६५ च्या जानेवारींत शेर्मन या सेनापतीनें हुकूम काढून समुद्रकांठची कांहीं जमीन, कुटुंबास ४० एकरांपर्यंत, मुक्त झालेल्या लोकांसाठीं राखून ठेवली होती. त्याच सालीं अँड्र्यू जॉन्सन हा अध्यक्ष झाला, आणि त्यानें ती बहुतेक जमीन जुन्या मालकांस परत देवविली. मग गुलामाचा झाला वाटेकरी. जमीन मालकाची, बीं मालकाचें, मिठामिरचीचें खातें दुकानदाराचें. सुगीला हिशेब होई तेव्हां याच्या पदरीं कापसाच्या काटक्या आणि पुढल्या सालचें देणें! हा हिशेब तुम्हांस मीं समजावून सांगावा असें नाहीं. ज्याच्या अंगणांत राहावयाचें, ज्याच्या वहींत नांव, त्याच्याविरुद्ध मत टाकावयाचें म्हणजे छातीचा कोट लागतो. त्या लोकांनीं ती छाती दाखविली, हें विसरूं नका.

अशा स्थितींत १८७६ साल उजाडलें. आठ वर्षें सेनापति ग्रँट अध्यक्ष होता. त्याच्या कारभारांत लांचलुचपतीचीं प्रकरणें बाहेर आलीं होतीं, आणि १८७३ पासून व्यापार बसला होता. उत्तरेचे गोरे लोक म्हणूं लागले, "पुरे झालें हें काळ्यांचें गाऱ्हाणें!" मंडळी, दुसऱ्याच्या दुःखाचा कंटाळा माणसाला फार लवकर येतो.

डेमोक्रॅटिक पक्षातर्फें सॅम्युएल टिल्डन उभे राहिले. हे न्यूयॉर्कचे गव्हर्नर, रेल्वे कंपन्यांचें काम करून श्रीमंत झालेले वकील. पण हात स्वच्छ. न्यूयॉर्क शहराचा खजिना लुटणाऱ्या ट्वीडच्या टोळीला खालीं ओढण्यांत त्यांचा मोठा वांटा होता, आणि ती टोळी त्यांच्याच पक्षाची होती. मरतांना आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनीं सार्वजनिक वाचनालयासाठीं ठेवला. अशा गृहस्थास मी नांवें ठेवणार नाहीं. पण दक्षिणेंत त्यांचा पक्ष म्हणजे जुन्या मळेवाल्यांचा पक्ष, आणि ते मळेवाले बंदुका घेऊन निवडणूक लढवीत होते.

रिपब्लिकन पक्षातर्फें ओहायोचे गव्हर्नर रदरफर्ड हेझ उभे राहिले. जन्मापूर्वींच बाप गेलेला, आईनें वाढविलेला मुलगा. सिनसिनाटी शहरांत वकिली करीत असतां पळून आलेल्या गुलामांच्या बाजूनें ते कोर्टांत उभे राहिले, आणि लढाईंत एकापेक्षां अधिक वेळां जखमी झाले. माणूस भला. परंतु भांडण मिटावें, सगळ्यांनीं गोड बोलावें, ही त्यांना मोठी हौस. दक्षिणेचा कारभार दक्षिणेच्या हातीं देण्याची भाषा त्यांनीं उमेदवारी स्वीकारतांनाच केली होती. दक्षिणेच्या म्हणजे नक्की कोणाच्या, हें त्यांना कोणीं खडसावून विचारावयास पाहिजे होतें.

त्या वर्षीं जुलैंत साउथ कॅरोलिनांतील हॅम्बर्ग या गांवीं गोऱ्या टोळ्यांनीं काळ्या शिपायांवर हल्ला केला, आणि शरण आलेल्या माणसांना गोळ्या घातल्या. लाल सदरे घालून घोडेस्वारांच्या झुंडी सभांतून फिरूं लागल्या. त्या काळीं सरकारी मतपत्रिका नव्हती, पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापीत, तेव्हां कोण कोणाची चिठ्ठी टाकतो हें चारचौघांस दिसे. निरक्षर काळ्या मतदारांना फसविण्यासाठीं विरुद्ध पक्षाच्या चिठ्ठीवर लिंकनचें चित्र छापल्याची तक्रारही झाली. माताभगिनींना तर अध्यक्ष निवडण्याचा हक्कच नव्हता. ४ जुलै १८७६ रोजीं देशाच्या शंभराव्या वाढदिवशीं सूसन अँथनी व तिच्या सख्यांनीं भर समारंभांत स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा नेऊन दिला, पण देशभर मत मिळण्यास १९२० साल उजाडावें लागलें.

७ नोव्हेंबरला मतें पडलीं. टिल्डन यांना हेझ यांच्यापेक्षां सुमारें अडीच लाख मतें अधिक मिळालीं. पण तेथें अध्यक्ष निवडतात ते प्रत्येक राज्यानें नेमलेले निर्वाचक. ते एकूण ३६९, म्हणजे जिंकण्यास १८५ पाहिजेत. टिल्डन यांचे १८४ झाले, हेझ यांचे १६५, आणि २० वादांत पडले. त्यांतले १९ फ्लॉरिडा, लुइझियाना व साउथ कॅरोलिना या दक्षिणेच्या तीन राज्यांतले, आणि एक ओरेगॉनचा. तिकडे एका पक्षानें बंदुकीच्या धाकानें मतें अडविलीं होतीं, आणि मोजणी ज्यांच्या हातीं होती त्या दुसऱ्या पक्षानें आलेलीं मतें रद्द केलीं होतीं. शेवटीं १५ जणांचें पंचमंडळ नेमलें, पांच वरिष्ठ सभेचे, पांच प्रतिनिधि सभेचे, पांच न्यायाधीश. आपण पंचाला परमेश्वर म्हणतों. पण येथें आठ पंच रिपब्लिकन होते व सात डेमोक्रॅट, आणि वादाच्या प्रश्नांवर कौल लागला तोही आठाविरुद्ध सात! हेझ १८५, टिल्डन १८४. मार्च १८७७ मध्यें हेझ अध्यक्ष झाले.

आतां माझें मत. टिल्डन यांचा पक्ष घेणारे म्हणतात कीं ज्याला मतें अधिक तो जिंकला, बाकी सारी लबाडी. हें मला पटत नाहीं. जेथें मतदाराला रात्रीं घरांतून ओढून धमकावलें जातें, तेथें पेटींतला आंकडा हा लोकांचा कौल नव्हे. पेटींत काय पडलें हें जसें मोजावें, तसेंच पेटीपर्यंत येऊं न दिलेले किती, हेंही मोजावें. मी त्या वेळीं तेथें काळा शेतकरी असतों तर हेझ यांनाच मत दिलें असतें, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप झाला नसता.

परंतु हेझ यांनीं पुढें जें केलें त्याची सफाई मी देणार नाहीं. निकाल लागण्याच्या थोडे दिवस आधीं वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलांत दोन्ही पक्षांचे पुढारी बसले. सौदा किती ठरला यावर इतिहासकारांत वाद आहे. दुर्दैव असें कीं त्या हॉटेलाचा मालक स्वतः काळा गृहस्थ होता. त्याच्याच छपराखालीं त्याच्या भावंडांचें भवितव्य चर्चेला निघालें, आणि बोलणाऱ्यांत त्यांचा माणूस नव्हता. एप्रिल १८७७ मध्यें हेझ यांनीं साउथ कॅरोलिना व लुइझियाना येथील राज्यगृहांवरचे सरकारी सैनिक मागें घेतले. ज्यांनीं जीव मुठींत धरून त्यांना मतें दिलीं, त्यांच्या दाराचा आडणा त्यांनींच काढला. सज्जन माणूस होता, पण सज्जनपणा म्हणजे पाठीशीं उभें राहणें नव्हे.

न्याय दोन्हीकडून व्हावा म्हणून हेंही सांगतों. अध्यक्षपदीं असतां निवडणुकींतील संरक्षणाचे कायदे मोडण्याचे ठराव हेझ यांनीं आपल्या अधिकारांत पुनःपुन्हा अडविले. पुढें काळ्यांच्या शिक्षणासाठीं निघालेल्या स्लेटर फंडाचे ते अध्यक्ष होते, आणि त्याच फंडाच्या पैशानें डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हा काळा विद्वान बर्लिनला शिकावयास गेला. पण एक विद्यार्थी बर्लिनला गेला म्हणून गांवांत नागवल्या गेलेल्या हजारोंचा हक्क भरून येत नाहीं.

पुढचा परिणाम ऐका. १८८२ सालीं साउथ कॅरोलिनांत असा कायदा झाला कीं निरनिराळ्या जागांसाठीं आठ निरनिराळ्या पेट्या ठेवावयाच्या, आणि चिठ्ठी चुकीच्या पेटींत पडली कीं मत बाद. ज्याला पेटीवरचीं अक्षरें वाचतां येत नाहींत तो काय करणार? त्यांतून पेट्यांची जागाही मध्येंच बदलीत. १८९० सालीं मिसिसिपीनें मतासाठीं दोन डॉलर पट्टी आणि वाचण्याची परीक्षा लावली. लुइझियानांत १८९६ सालीं यादींत १ लाख ३० हजारांवर काळे मतदार होते, ते १९०४ सालीं राहिले १,३४२. कागदावर हक्क होता तसाच होता. तो खऱ्या अर्थानें परत मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. म्हणजे १८७७ पासून ८८ वर्षें! तीन पिढ्या मातींत गेल्या.

याच्या शेजारीं आपली गोष्ट ठेवा. १९५१-५२ सालीं आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हांही पुष्कळ पेट्या होत्या. पण प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याची निशाणी, कारण अक्षरशून्य माणसालाही आपलें मत बिनचूक टाकतां यावें. पेटी तीच, पण तिकडे ती माणसाला बाहेर ठेवण्यासाठीं मांडली, इकडे आंत घेण्यासाठीं. कायदा करणाऱ्याच्या मनांत काय आहे, तें अशा बारीक गोष्टींत उघडें पडतें. म्हणून निवडणुकीचा कोणताही नवा नियम निघाला कीं मला एकच प्रश्न सुचतो. यानें आमचा सर्वांत गरीब शेजारी पेटीजवळ येईल कीं दूर जाईल?

डॉ. आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत बजावलें होतें कीं राजकारणांत आपण समान होऊं, पण समाजांत व पैशाअडक्यांत विषमता राहील, आणि ही विसंगति फार दिवस ठेवली तर लोकशाहीच धोक्यांत येईल. अमेरिकेंत १८७७ नंतर नेमकें तेंच झालें. मत होतें, पण जमीन नव्हती. शाळा होती, पण ती मोडली तर राखणारा नव्हता.

तेव्हां मंडळी, उमेदवार भला कीं बुरा यावर चावडींत रात्ररात्र वाद घालतां, तो घाला. पण तेवढ्यानें भागत नाहीं. टिल्डनही भले होते आणि हेझही भले होते. विचारावयाचें तें हें, कीं याच्या मागें कोण उभे आहेत, हा कोणाबरोबर बंद खोलींत बसतो, आणि आपल्यावर हात पडला तर हा येईल काय? आणि मत देऊन घरीं येऊन निजूं नका. ज्याला निवडलें त्याला ग्रामसभेंत उभा करून विचारा. शेजारच्या वस्तींतला माणूस मतदानाला निघाला असतां कोणी त्याची वाट अडविली, तर तो आपल्या जातीचा नाहीं म्हणून गप्प बसूं नका. उत्तरेचे लोक असेच कंटाळून गप्प बसले होते. आणि मुलीला शाळेंतून काढूं नका, कारण पेटीवरचीं अक्षरें तिलाही वाचतां आलीं पाहिजेत.

आतां ज्यांना माझें म्हणणें पटलें नसेल त्यांनीं उठून बोलावें. येथें कोणाचीही वाट अडविलेली नाहीं.