तीनशे इमारती आणि चार हजार माणसं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला "तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल" असं सांगितलं. शाळेत मी सलग दहा मिनिटं उभा राहिलो तो फक्त बाकावर, आणि तेव्हा बोलायची परवानगी नसायची. त्यामुळे आज ही संधी सोडणार नाही.

मघाशी चहाच्या वेळी आपल्या 'ब' तुकडीतल्या एका मित्राने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "माझ्या पोराचं आयटीआय झालंय. तुमच्या डेटा सेंटरमध्ये चिकटव की! ऐरोली-रबाळ्याला केवढ्या बिल्डिंगा उठल्यात." मी "बघतो" म्हणालो. पण पुरतं उत्तर मी दिलं नाही, ते आता सगळ्यांसमोर देतो.

आपल्यापैकी निम्म्या जणांचे वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत होते. माझे वडील फिटर होते. भोंग्यावर आपल्या घरांची घड्याळं चालायची. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या कारखान्याला टाळं लागलं. हिशेब मिळायला कित्येक वर्षं गेली. आज त्याच रस्त्यावर, थोड्या अंतरावर, मी नोकरी करतो. इमारत त्या कारखान्याइतकीच मोठी आहे, पण पाळी सुटते तेव्हा गेटवर गर्दी होत नाही. असं का, हे समजायला हा धंदा वाढला कसा ते बघावं लागतं.

डेटा सेंटर म्हणजे संगणकांना भाड्याने दिलेली जागा. तुम्ही फोनवरून पैसे पाठवता, फोटो साठवता, ते कुठल्यातरी इमारतीतल्या सर्व्हरवर जातं. सर्व्हर बहुतेक वेळा भाडेकरूचे असतात. घरमालकाचं काम तीन गोष्टींचं: वीज एक क्षणही जाऊ द्यायची नाही, हवा गार ठेवायची, आणि परक्या माणसाला आत सोडायचं नाही. मोठ्या भाडेकरूंना भाडं चौरस फुटांपेक्षा किलोवॅटवर लावतात. म्हणजे जागेपेक्षा वीज विकली जाते म्हणा.

माझी कंपनी लहान आहे. तिच्यापेक्षा या धंद्याची बाराखडी गिरवणाऱ्यांपैकी एका मोठ्या कंपनीची गोष्ट सांगतो. तिचं नाव डिजिटल रिअल्टी.

२००० साली अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. त्यांच्यासाठी बांधलेल्या इमारती ओस पडल्या. त्या वेळी जीआय पार्टनर्स नावाच्या गुंतवणूक संस्थेने अशा इमारती घ्यायला सुरुवात केली. त्यांचा हिशेब साधा होता. कंपन्या बुडाल्या तरी इंटरनेट वापरणारी माणसं वाढतच होती. या इमारती एकत्र करून २००४ च्या अखेरीस डिजिटल रिअल्टी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. शेअर १२ डॉलरला विकला.

पुढच्याच वर्षी त्यांनी शिकागोत एक इमारत घेतली. ती मला फार आवडते. १९१२ ते १९२९ या काळात टप्प्याटप्प्याने बांधलेला तो छापखाना होता. सीअर्स या दुकानाचे जाडजूड कॅटलॉग तिथे छापले जात. १९९३ मध्ये सीअर्सने तो कॅटलॉग बंद केला आणि छापखानाही थांबला. पण छपाईची यंत्रं आणि कागदाचे गठ्ठे पेलायला जमिनी भक्कम बांधलेल्या, छत उंच, आणि मजल्यामजल्यांतून जाणाऱ्या उभ्या पोकळ्या. सर्व्हरचं वजन, थंड हवा आणि केबल यांना नेमकं हेच लागतं. सुमारे ११ लाख चौरस फुटांची ती इमारत जगातल्या नावाजलेल्या डेटा सेंटर्सपैकी एक झाली. ती वाचताना मला दर वेळी वडिलांच्या कारखान्याची शेड आठवते. तिचं असं काही झालं नाही. ती भंगारात गेली.

आता या वाढीतली मेख. ही कंपनी 'रीट' आहे, म्हणजे भाड्याच्या मालमत्तेत अनेकांचे पैसे गुंतवणारी संस्था. आपल्याकडे सेबीने त्याचे नियम २०१४ मध्ये केले आणि पहिली रीट २०१९ मध्ये बाजारात आली. अमेरिकेत अशा कंपनीला करपात्र उत्पन्नातला किमान ९० टक्के भाग भागधारकांना वाटावाच लागतो. वाटलेल्या नफ्यावर कंपनीला कर पडत नाही. ऐकायला छान आहे, पण मग गल्ल्यात फारसं उरत नाही. नवी इमारत बांधायची तर कर्ज काढा, नवे शेअर विका, नाहीतर भागीदार शोधा. आपल्या सरांच्या भाषेत, दरवर्षी बक्षीस वाटून टाकायचं आणि पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगसाठी पुन्हा वर्गणी काढायची!

पण लोकांनी वर्गणी दिली. २०१५ मध्ये टेलेक्स, २०१७ मध्ये ड्युपाँट फॅब्रोस, २०२० मध्ये युरोपातली इंटरझिऑन, २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टेराकोत बहुमताचा वाटा, अशी खरेदी होत गेली. भारतात त्यांनी ब्रुकफील्ड आणि रिलायन्सबरोबर समान भागीदारी केली. 'डिजिटल कनेक्शन' या नावाने त्यांचं पहिलं केंद्र जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईत सुरू झालं. मुंबईत चांदिवलीला त्यांनी जागा घेतली आहे.

सगळंच गोड नाही. आपल्यातले काही जण निवृत्तीच्या पैशांचं विचारत होते, त्यांनी हे नीट ऐकावं. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर चढले आणि या कंपनीचा शेअर वर्षभरात जोरात कोसळला. जिम चॅनोस या गुंतवणूकदाराने त्याच वर्षी उघड सांगितलं की, मोठ्या क्लाउड कंपन्या आज तुमच्या भाडेकरू आहेत, उद्या स्वतःच घर बांधतील. २०२३ मध्ये सिक्सटेरा हा त्यांचा मोठा भाडेकरू दिवाळखोरीत गेला. आधी वर्षानुवर्षं वाढत गेलेला लाभांश २०२३ आणि २०२४ मध्ये तिमाहीला १.२२ डॉलरवरच राहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आल्यावर मागणी पुन्हा उसळली. पण भाड्याचा धंदा म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

आता माझ्या मित्राच्या प्रश्नाकडे येतो. या कंपनीची जगभरात तीनशेच्या वर डेटा सेंटर्स आहेत. कर्मचारी साधारण चार हजार. गणिताचे सर समोर बसले आहेत, भागाकार चुकायला नको: इमारतीमागे तेरा-चौदा माणसं. सुरक्षारक्षक, सफाई आणि देखभालीची कंत्राटी माणसं वेगळी, पण त्यांची नोकरी कंत्राट असेपर्यंतच. इमारत बांधताना शेकडो हात लागतात. ती उभी राहिली की ते हात दुसऱ्या साइटवर जातात.

म्हणून मित्रा, रबाळ्याच्या बिल्डिंगा मोजून पोराच्या नोकरीचा हिशेब करू नकोस. आपल्या वडिलांच्या पिढीला कारखान्याने जसं सामावून घेतलं, तसं या इमारती घेणार नाहीत. पण आत जी थोडी माणसं लागतात, त्यांत संगणकवाल्यांइतकीच गरज तुझ्या पोरासारख्यांची असते. हाय टेन्शन पॅनल, यूपीएसच्या बॅटऱ्या, चिलर, डिझेल जनरेटर हे सगळं हाताने सांभाळावं लागतं. एकदा आमच्याकडे वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. बॅटऱ्यांवर मोजकी मिनिटं होती. कंट्रोल रूममध्ये आम्ही पदवीवाले पडद्याकडे बघत राहिलो. आयटीआय झालेल्या एका पोराने खाली धावत जाऊन सैल झालेली तार शोधली. भाडेकरूला काही कळलंसुद्धा नाही. त्या पोराचं कंत्राट पुढच्या वर्षी संपलं. मी त्याच्यासाठी वर शब्द टाकला, पण पुरेसा जोर लावला नाही. ते मला अजून बोचतं.

तेव्हा "बघतो" ऐवजी आज नीट सांगतो. पोराला इलेक्ट्रिकल सुपरवायझरच्या परवान्याची तयारी करू दे. शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज मी स्वतः पुढे नेईन, आणि या वेळी जोर लावीन.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. आमच्या इमारतीत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, त्यामुळे मुलांना तिथे नेता येणार नाही. पण मे महिन्याच्या सुट्टीत शाळेची प्रयोगशाळा चार रविवार मिळाली, तर मी जुनं पॅनल आणि यूपीएस घेऊन येतो. आपल्या मुलांपैकी, आणि आज शाळेत असणाऱ्यांपैकी, ज्याला शिकायचं आहे त्याने यावं. फी नाही. चहा मात्र आपल्या बॅचने द्यावा.

भोंगा आता वाजत नाही. पण शाळेची घंटा अजून तीच आहे, सकाळी आत येताना ऐकली.