दृष्टिबाधित विद्यार्थी आणि इंग्रजीचा तास



पांढुर्णा-सौंसर भागातील अनेक मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी व इंग्रजी शिकतात. दृष्टिबाधित विद्यार्थ्यास या तिन्ही भाषा ब्रेलच्या त्याच सहा बिंदूंत लिहिता येतात. देवनागरी ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ यांची खूणही एकच आहे.

खरी अडचण स्पेलिंगची. ‘नाइफ’ हा शब्द केवळ ऐकणाऱ्यास आरंभीचा अनुच्चारित ‘के’ कसा कळावा? यास्तव शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारावे.

२०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांस वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके व शैक्षणिक साहित्य विनामूल्य देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. पालकांनी त्याची मागणी शाळेकडे निःसंकोचपणे करावी.