लोट्याचा मुक्काम : दिवस किती?

इतिहासप्रसिद्ध मुलूख पाहावयास निघालेल्या कुटुंबांत पहिला वाद होतो तो दिवसांचा. काय पाहावयाचें याची यादी एका संध्याकाळीं तयार होते. त्याला किती दिवस द्यावयाचे, हें मात्र आगगाडीचीं तिकिटें काढण्याची वेळ आली तरी ठरत नाहीं. रजा मोजकी, पैसे मोजके, आणि घरांत वडीलधारें माणूस असेल तर त्याची शक्तिही मोजकीच. म्हणून हा प्रश्न बेरीज-वजाबाकीचा आहे असें वाटतें. वस्तुतः तो निवडीचा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील लोटे हें गांव उदाहरणासाठीं घ्यावें. खेड तालुक्यांतील हें गांव मुंबई-गोवा महामार्गावर, खेड व चिपळूण यांच्या मध्यें आहे. आज तें ओळखलें जातें तें तेथील रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळें. कोणाचा भाऊ, कोणाचा जांवई तेथें नोकरीस असतो. त्याच्या बिऱ्हाडीं मुक्काम ठेवून चिपळूण-दाभोळकडील जुना मुलूख पाहण्याचा बेत शहरांतल्या घरीं होतो. समजा, असें एक कुटुंब निघालें आहे : नवरा-बायको, दोन मुलें आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी. यादींत नऊ स्थळें आहेत आणि हातांत दोन दिवस. गृहस्थ नकाशावर बोट फिरवून म्हणतात, "सगळें सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या आंत तर आहे, दोन दिवस पुष्कळ झाले." आजी एवढेंच विचारतात, "परशुरामापाशीं मला घटकाभर बसूं द्याल ना?"

नकाशा अंतर सांगतो, वेळ सांगत नाहीं. शिवाय या प्रदेशांतील इतिहास एका तटाच्या आंत सांपडत नाहीं. तो वाशिष्ठी नदीच्या कांठानें विखुरलेला आहे. नदीच्या मुखापाशीं दाभोळ बंदर. तेथून सुमारें ४० किलोमीटर आंत गोवळकोटचा धक्का व चिपळूणची पेठ. आणि पेठेच्या मागें देशावर चढणारा कुंभार्लीचा घाट. समुद्रावरून आलेला माल भरतीबरोबर खाडीनें वर यावयाचा आणि चिपळुणाहून बैलांच्या पाठीवर घाट चढून कऱ्हाडाकडे जावयाचा. पेठ आणि बंदर हीं एकाच व्यवहाराचीं दोन टोंकें, आणि नदीच्या वर डोंगरांत परशुरामाचें देवस्थान. येथें दिवस मोजावयाचे ते या तीन भागांवरून. स्थळांच्या संख्येवरून नव्हेत.

पहिला दिवस परशुरामाचा. लोट्याहून चिपळुणाकडे जातांना घाटांत पेढे गांवच्या डोंगरावर हें देऊळ लागतें. समुद्र मागें हटवून कोकण वसविणारा देव, ही श्रद्धा. परंतु येथें इतिहासही थोडा नाहीं. पेशव्यांचे गुरु ब्रह्मेंद्रस्वामी येथें राहत. १७२७ सालीं सिद्दीच्या अंमलदारानें देवस्थान लुटलें, आणि पुढें स्वामींनीं साताऱ्याजवळ धावडशीस वास्तव्य केलें. १७३३ सालीं मराठ्यांनीं जंजिऱ्यावर मोहीम काढली, तिच्या मागें या लुटीचा सलही होता. देवळाकडे पायऱ्या उतरून जावें लागतें, आणि उतरलेल्या पायऱ्या परततांना चढाव्या लागतात. आजींच्या गुडघ्यांना त्यासाठीं सकाळचा गारवा हवा आणि मधून मधून बसावयास सवड हवी. घाटांतून खालीं वाशिष्ठीचीं वळणें दिसतात. पुढच्या दोन दिवसांचा नकाशा तेथेंच डोळ्यांपुढें उलगडतो.

दुसरा दिवस चिपळुणाचा. सकाळीं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाहावें. १८६४ सालीं स्थापन झालेल्या या ग्रंथालयानें २००५ चा महापूर सोसला आणि २२ जुलै २०२१ चाही सोसला. दोन्ही वेळां ग्रंथांची मोठी हानि झाली, आणि दोन्ही वेळां तें पुन्हां उभें राहिलें. ज्या पाण्यानें पेठ वाढविली तेंच पाणी पेठेत शिरतें, हें तेथें गेल्यावर समजतें. संध्याकाळीं गोवळकोट. लहानशी टेकडी, जवळजवळ तिन्ही बाजूंनीं नदी, पायथ्याशीं करंजेश्वरीचें देऊळ. येथें जाण्याची वेळ गांवांतल्या माणसास विचारून ठरवावी, कारण भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते. ओहोटीला चिखल दिसतो. भरतीला बंदर दिसतें.

तिसरा दिवस दाभोळचा. हा सबंध द्यावा लागतो. खेड, दापोली असा वळणांचा रस्ता करून दाभोळ गांठावें. पंधराव्या शतकांत रशियन व्यापारी अफनासी निकितिन येथूनच परतीच्या गलबतावर चढला. डिसेंबर १५०८ मध्यें पोर्तुगीज सरदार आल्मैदा यानें हें वैभवशाली बंदर जाळून लुटलें. कांठावरची आदिलशाही काळांतली मशीद त्यानंतरच्या भरभराटीची साक्ष देते. चंडिकेचें देऊळ गुहेंत आहे; आंत तेलाच्या दिव्यांचा उजेड. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलें नाहीं, तर तेथें जाणें न जाणें सारखेंच. मग फेरीबोटीनें खाडी ओलांडून धोपाव्यास उतरावें, अंजनवेलचा गोपाळगड पाहावा, आणि गुहागर-चिपळूणवरून लोट्यास परतावें. बोटीची वाट पाहण्याचा वेळही हिशेबांत धरावा. पावसाळ्यांत जावयाचें झाल्यास आणखी एक दिवस हातीं राखावा.

म्हणजे उत्तर तीन दिवस. पण दोनच असतील तर? तर दाभोळ सबंध सोडून द्यावें. अर्धें दाभोळ आणि अर्धें चिपळूण मिळून प्रवासांत गेलेला एक दिवस होतो, दुसरें कांहीं होत नाहीं. एकच दिवस असेल तर परशुराम करावा आणि नदीचीं वळणें वरूनच पाहून समाधान मानावें. सोडलेल्या स्थळाचें वाईट वाटतें, परंतु तें स्थळ जागेवरच राहतें.

माणसाचें तसें नाहीं. यादी करतांना तरुण विचारतात, कोणतें स्थळ पाहावयाचें राहील? त्याआधीं विचारावयाचें तें असें कीं, आपल्यांपैकीं कोणाला पुन्हां येतां येणें कठीण आहे? त्या कुटुंबांतील गृहस्थांनीं हें मनांत आणलें तर नवांपैकीं पांच-सहा नांवांवर ते आपण होऊन रेघ मारतील. मुलांची फेरीबोट पुढल्या सुटींत होईल. पण परशुरामाच्या सभामंडपांत बसलेल्या आजींना "चला, उशीर होतो" असें कोणी म्हणणार नाहीं, एवढी सवड या खेपेस ठेवलीच पाहिजे.