सरावपाठ संपल्यानंतर

(धाराशिव जिल्ह्यातील छात्राध्यापक व मार्गदर्शक शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



सरावपाठाचे टाचण आपण मनापासून लिहिता. प्रस्तावनेपासून उपयोजनापर्यंतची हर्बार्टची पंचपदी थोड्याफार फरकाने अजूनही त्यात वावरते आहे. परंतु घंटा झाली, निरीक्षकांचा शेरा मिळाला, की पाठ 'झाला' असे मानले जाते. त्याचा अभ्यास खरे तर तेथून सुरू व्हावयास हवा.

दशांश अपूर्णांकाचा पाठ चालू आहे असे समजा. 'एक एकर दहा गुंठे म्हणजे किती एकर?' या प्रश्नाला कळंब किंवा परंड्याकडील एखादा शेतकऱ्याचा मुलगा १.१० असे उत्तर देतो. एकराचे गुंठे चाळीस. तेव्हा उत्तर १.२५ हवे. छात्राध्यापक फुली मारून पुढे जातो. सायंकाळी वही उघडून त्याने स्वतःला विचारावे, की हे उत्तर आले कोठून? ते निष्काळजीपणाचे असेलच असे नाही. घरच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. हेक्टरचे आर शंभर, म्हणून तेथे १.१० म्हणजे एक हेक्टर दहा आर हेच बरोबर. कागदावरचा नियम मुलाने बोलण्यातल्या मापाला लावलेला असू शकतो. टाचणात पूर्वज्ञान म्हणून मात्र 'विद्यार्थ्यांना अपूर्णांक माहीत आहेत' एवढेच लिहिलेले असते!

दुसऱ्या दिवशी तोच पाठ बदलून घ्यावा. फळ्यावर दोन्ही मापे शेजारी मांडावीत. दहा गुंठे हा एकराचा चौथा हिस्सा आणि दहा आर हा हेक्टरचा दहावा, हे मुलांनीच शोधावे. त्यानंतर वहीत चार ओळी लिहाव्यात: काय बदलले, कोणाला उमगले, कोण अजून अडले.

ही कल्पना नवी नाही. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत आकारास आली. तिच्यात प्रत्याभरणानंतर पुन्हा पाठ घेणे अभिप्रेतच आहे. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात, पाहतात आणि सुधारतात. आपल्याकडे पुनर्अध्यापन बहुधा उपचारापुरते उरते. वेळ नाही, ही सबब तितकीशी पटत नाही; २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांच्या बी.एड्. अभ्यासक्रमात २० आठवड्यांची आंतरवासिता ठेवली.

खरी अडचण गुणांची आहे. 'आज अर्धा वर्ग मागे राहिला' असे प्रांजळपणे लिहिणाऱ्याचे गुण कापले जाणार असतील, तर तो तसे का लिहील? 'आवाज खणखणीत, फलकलेखन सुवाच्य' या शेऱ्याने कोणाचेच काही बिघडत नाही, सुधारतही नाही. मार्गदर्शकांनी शेऱ्याऐवजी एकच प्रश्न लिहावा: अमुक मुलाने असे का म्हटले असेल?

पंचायत सदस्यांनाही यात वाटा आहे. छात्राध्यापक अनेकदा परगावचा असतो; त्याला एखाद्या बांधावर नेऊन गुंठा दाखवावा, गावातली मापे व शब्द सांगावेत. आणि विद्यालयांनी त्याच्या चिंतनाची वही गुणतक्त्याला जोडू नये.