कर्ता कुठं पळाला?
(इंग्रजीच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बी.ए.च्या पोरांनी धरलं म्हणून उभा राहिलोय. इंग्रजीच्या पेपरात मेटाफर, आयरनी, सिनेक्डकी, अनाफोरा असले शब्द येतात आणि आपली पोरं गाईडमधल्या व्याख्या घोकतात. मीही घोकल्या. तरी वर्गात प्राध्यापकानं उभं केलं, 'मेटाफर म्हणजे काय?' विचारलं, आणि माझी दातखीळ बसली. वर्ग हसला. प्राध्यापक म्हणाला, हे तुमच्या घरातलं नाही.

साफ खोटं! त्याच रात्री आई नळावरून आली नि बापाला म्हणाली, 'दोन हात कमावणार, सात तोंडं खाणार. भागायचं कसं?' हात म्हणजे आख्खा माणूस, तोंड म्हणजे आख्खा माणूस. भाग सांगून सगळं सांगायचं, यालाच सिनेक्डकी म्हणतात. पाच वर्षांनी मत मागायला आलेल्या पुढाऱ्याला शेजारची मावशी म्हणाली, 'लई उपकार झाले बाबा, रस्ता घावला म्हणायचा!' ही आयरनी. बोलायचं एक, मारायचं दुसरीकडंच. माल आपल्या घरात होता. लेबल तेवढं त्यांच्याकडं होतं.

मग लेबल कशाला शिकायचं? मार्कांसाठी शिकाच, मार्क काय फुकट मिळत नाहीत. पण दुसरंही कारण आहे. ज्या ॲरिस्टॉटलनं वक्तृत्वशास्त्रावर ग्रंथ लिहिला, त्यानंच दुसऱ्या ग्रंथात लिहून ठेवलं की काही माणसं जन्मानंच गुलाम असतात. मनूचा ग्रीक भाऊबंदच म्हणा ना! म्हणून काय त्याचं हत्यार त्याच्याच घरात गंजू द्यायचं?

फ्रेडरिक डग्लसनं तसं केलं नाही. तो अमेरिकेतला काळा गुलाम. मालकिणीनं त्याला अक्षरं शिकवायला घेतली, मालकानं ती बंद पाडली. बाराएक वर्षांच्या त्या पोरानं 50 सेंट देऊन भाषणांचं एक पुस्तक विकत घेतलं, 'द कोलंबियन ओरेटर'. त्यात गुलाम आणि मालक यांचा एक संवाद होता. गुलाम युक्तिवादानं मालकाला हरवतो आणि सुटतो. डग्लस पुढं पळून गेला, स्वतंत्र झाला. 5 जुलै 1852 ला रॉचेस्टर शहरात गोऱ्यांनी त्याला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनावर बोलायला बोलावलं. त्यानं आधी त्यांच्या पूर्वजांची स्तुती केली. पण नीट वाचा, तो स्वातंत्र्य 'आपलं' म्हणत नाही, 'तुमचं' म्हणतो. त्या एका सर्वनामात आख्खी गुलामी उभी आहे. आणि मग विचारतो, हा दिवस गुलामाला काय? त्याला उत्तर नकोय, झोप उडवायचीय. याला ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन म्हणतात.

आता आपल्या बापाकडं या. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, आणि भाषण वाचून मंडळाचीच हबकी बसली. परिषद रद्द. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं, तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात ते हिंदू राजकारण्यांना एकच सवाल पुन्हा पुन्हा करतात, की तुम्ही राजसत्तेला लायक आहात काय? एकदा शाळेचं नाव घेऊन, एकदा विहिरीचं, मग रस्त्याचं, कपड्याचं, खाण्याचं. वाक्याची सुरुवात तीच, आरोप नवा. हा अनाफोरा. गाईड सांगतं, यानं 'भाषेला सौंदर्य येतं.' सौंदर्य कसलं घेऊन बसलात? हे घणाचे घाव आहेत, एकाच जागी!

आता त्यांची हत्यारं ओळखा. पहिलं युफेमिझम, म्हणजे कडू गोष्टीला गोड नाव. 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात आपल्याला कायद्यानं 'हरिजन' म्हणायचं विधेयक आलं. बाबासाहेब आणि भाऊराव गायकवाड विरोधात उभे राहिले, आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी! कारण नाव गोड केलं की अन्याय करणाऱ्याचं तोंडही गोड होतं आणि विहीर बंदच राहते.

दुसरं पॅसिव्ह व्हॉइस. 'घरे जाळण्यात आली.' कोणी जाळली? वाक्यातून कर्ता पळाला. व्याकरणानं त्याला जामीन दिला! त्याहून पक्कं हत्यार म्हणजे क्रियापदाचं नाम करणं. 'सफाई कामगाराचा गटारात गुदमरून मृत्यू.' मृत्यू हे नाम आहे, त्याला कर्ता लागतच नाही. पण त्याला आत उतरवलं कोणी? ठेका कोणाचा? मास्क कोणी दिला नाही? संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. गुन्ह्याला गुन्हेगार असतो. बातमीच्या वाक्यात तो सापडत नाही.

म्हणून हे शब्द शिका. आजच घरी जाऊन एक इंग्रजी पेपर घ्या, तांबडी पेन्सिल घ्या. जिथं कर्ता पळालाय तिथं खूण करा, आणि ते वाक्य कर्त्यासकट पुन्हा लिहा. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, चुकलं तरी लिहा. पुढच्या रविवारी वह्या घेऊन या, सगळ्यांसमोर वाचू.

वर्गात कोणी हसलं तर हसू द्या. आता उभं राहून सवाल आपण करायचा.

जय भीम!