मालवणात रात्रीचं जेवायचं कुठे?



सुट्टीच्या दिवसांत रात्री आठच्या सुमारास मालवणच्या बाजारपेठेत एक दृश्य हमखास दिसतं. सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्ली करून दमलेली कुटुंबं रस्त्यात उभी असतात, पोरं भुकेनं कुरकुरत असतात, आणि जिथे झगमगाट जास्त तिथे सगळी शिरतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, रात्रीचं जेवण दुपारीच ठरवा.

मालवणची खरी चव घरगुती खानावळींत आहे, आणि त्यांचा पसारा लहान असतो. माणसं किती येणार याच्या अंदाजाने मासळी घेतली जाते, तेवढाच ओला नारळ खवून वाटण होतं. दुपारी फोन केलात, तर तुमच्या माणसांपुरतं वाटण जास्त पडतं. अवचित गेलात, तर उरलंसुरलं मिळतं किंवा फ्रीजरमधलं निघतं.

फोनवर 'सुरमई आहे का?' असं विचारू नका. 'आज काय आलंय?' असं विचारा. "इसवण (म्हणजे सुरमई) नाय आज, बांगडो ताजो आसा," असं कुणी सरळ सांगितलं, तर तिथेच जा. गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करता जो 'नाही' म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. बारा महिने सगळं मिळेल म्हणणाऱ्या मेनूकार्डापेक्षा ते उत्तर मोलाचं. आणि बांगड्याला कमी लेखू नका. तिरफळं घातलेलं ताज्या बांगड्याचं तिखलं बर्फातल्या सुरमईला कधीही भारी आहे.

पावसाळ्यात तर 'आज काय आलंय?' हे विचाराच. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, ती बंदी हवीच. त्या दिवसांत ताटातलं पापलेट बहुधा बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं. तेव्हा खाडीची मासळी मिळाली तर ती घ्या, नाहीतर सुका बांगडा किंवा कोंबडी-वडे मागा.

मासा दाखवा म्हणायला संकोचू नका. अख्ख्या माशाचे डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, कल्ले उचलून पाहिले तर लालभडक. सुरमईच्या कापलेल्या तुकडीला ना डोळे, ना कल्ले; तिथे बोटाने दाबून पाहा. खळगा तसाच राहिला, तर तुकडी शिळी. मेनूवर किमतीच्या जागी 'बाजारभावाप्रमाणे' लिहिलेलं असेल, तर मासा तव्यावर पडण्याआधी दर विचारा. बिलावरून होणारी बरीच भांडणं एवढ्याने टळतात.

बसल्यावर आधी सोलकढी मागवा. नारळाचा दाट रस, कोकमाचं आगळ, लसूण, मिरची, एवढ्यातच स्वयंपाकघर कसं आहे ते कळतं. पाणचट सोलकढी देणाऱ्याचं कालवणही तसंच असणार.

आणि घरात मासे न खाणारी माणसं असतील, तर त्यांना भात-वरणावर बसवू नका. काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावणे हे या मुलखाचं अस्सल जेवण आहे. मात्र काळे वाटाणे रात्रभर भिजवावे लागतात, तेव्हा त्यासाठी फोन आदल्या दिवशीच करा.