तळ्यातला गणपती आणि हरवलेले तळे

(मोशी येथील नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



लहानपणी आई आम्हाला पुण्याच्या ‘तळ्यातल्या गणपती’ला नेई. दर्शन झाले की मी विचारी, “आई, तळे कुठे आहे?” ती हिरवळीकडे बोट दाखवून म्हणे, “अरे, तू उभा आहेस तेच तळे.” मग पेशवे पार्कात फुलराणीची फेरी मिळे आणि माझा प्रश्न तेथेच राहून जाई.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचे पाणी घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी ते तळे बांधविले. काम रेंगाळले तेव्हा श्रीमंत स्वतः हत्तीवरून उतरून दगड उचलू लागले, अशी आख्यायिका आहे. मधोमध बेट राखले गेले, त्यावर बाग फुलली आणि १७८४ साली सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत तेथे सिद्धिविनायकाची स्थापना झाली. पुढे तळे आटविले गेले. १९५३ साली पेशवे पार्क झाले, नंतर आजची सारसबाग आली. गजबजलेल्या शहराला बाग मिळाली, हे मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु पाणी मुरण्याची, पसरण्याची आणि थांबण्याची एक जागा कायमची गेली. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याच आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत माणसे मृत्युमुखी पडली. तळे असते तर पूर टळला असता, असा दावा मी करणार नाही. ओढ्यावरील अतिक्रमणांचा दोष फार मोठा आहे. पण पाणी आपला जुना पत्ता विसरत नाही. शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील छत्तीस बंगले मे २०२५मध्ये पाडावे लागले, हे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आटविलेले पाणी परत आणता येते काय? इस्रायलचे उदाहरण सांगतो. हिवताप हटावा आणि शेतजमीन मिळावी म्हणून त्या उद्यमशील देशाने १९५१ ते १९५८ या काळात हुला सरोवर व त्याची दलदल आटविली. हेतू चांगलाच होता. पण शतकानुशतके कुजलेल्या वनस्पतींची ती माती वाळली, खचली, पेटू लागली आणि तिच्यातील क्षार वाहून खालच्या गॅलिली सरोवरात जाऊ लागले. अखेर १९९४ साली काही भाग पुन्हा पाण्याखाली आणला गेला. आज हिवाळ्यात तेथे हजारोंच्या संख्येने क्रौंच उतरतात आणि ते पाहायला माणसांचीही रीघ लागते. चूक उमगल्यावर ती कबूल करायला त्या राष्ट्राला कमीपणा वाटला नाही.

मोशी १९९७ साली महापालिकेत आली आणि शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. मुलांना खेळायला जागा हवी, वृद्धांना बसायला बाक हवेत, ही मागणी रास्तच आहे. म्हणून एखादे तळे वा दगडखाणीचा खड्डा सुधारायचे ठरले की चहूबाजूंनी काँक्रीटची भिंत, पदपथ, कारंजे आणि रंगीत दिवे असा आराखडा येतो. (कारंजे दुसऱ्या वर्षी बंद पडते, हा माझा पत्रकारितेतील अनुभव.) माझे म्हणणे एवढेच, की एक काठ तरी उतरता आणि मातीचा ठेवा. तेथे लव्हाळा व पाणकणीस वाढेल, गाळ अडेल, टिबुकली घरटे करील, शेकाट्या चिखलात चरेल. खाणीच्या कडा उभ्या असतात. तेथे हा उतार मुद्दाम भराव घालून करावा लागेल. पदपथ दुसऱ्या बाजूला न्या आणि रात्री त्या काठावर अंधार राहू द्या.

भगिनी विचारतील, डासांचे काय? डास वाढतात ते साचलेल्या पाण्यात, मग ते घाण असो वा स्वच्छ. स्वच्छ, जिवंत पाण्यात मासे आणि चतुरांच्या अळ्या त्यांचा पुष्कळसा समाचार घेतात. तेव्हा तळ्यात मैलापाण्याचा नळ कोठून येतो, ते आधी शोधा. महापालिकेकडे पहिला अर्ज त्याचा करा, बाकांचा नंतर.